नजर वळवू नका

श्वास रोखून धरा. खोकल्याची उबळ आली तर तोंडात रुमाल कोंबा, पण आवाज नको. १९३१ चा उन्हाळा आहे आणि तुम्ही तोक्योजवळच्या कामाता इथे, शोचिकु कंपनीच्या स्टुडिओत भिंतीला पाठ टेकून उभे आहात. जपानचा पहिला संपूर्ण बोलपट इथे तयार होतो आहे : हेइनोसुके गोशो यांचा ‘मादामु तो न्योबो’, म्हणजे शेजारची मॅडम आणि घरची बायको. कालपरवापर्यंत कॅमेरा फिरत असताना दिग्दर्शक ओरडून सूचना द्यायचा. आता पायाखालची फळी करकरली तरी सगळे वळून बघतात. वाद्यवृंदसुद्धा कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर दाटीवाटीनं बसला आहे, कारण संवाद आणि संगीत एकाच वेळी टिपायचं आहे. कथाही गोंगाटाचीच. एक नाटककार शांतता शोधत उपनगरात राहायला येतो आणि तान्हं मूल, मांजरं, शेजारचा जाझ यांच्यात अडकतो.

त्याच्या बायकोकडे बघा. पारंपरिक केशरचना केलेली ती लहानखुरी मुलगी म्हणजे किनुयो तनाका. जन्म १९०९ चा, जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाला, शिमोनोसेकीत. घरची गरिबी. ओसाकाला मुलींच्या संगीत मंडळीत ती बिवा वाजवायची; बिवा म्हणजे मोठ्या नखीनं छेडायचं, नासपतीच्या आकाराचं तंतुवाद्य. १९२४ साली ती सिनेमात आली. मूकपटात तिला बोलण्याची काळजी नव्हती. पडद्याशेजारी बसलेला बेन्शी सगळ्यांचेच संवाद आपल्या आवाजात म्हणायचा. आज मात्र तिचा पश्चिमेकडचा हेल साऱ्या देशाला ऐकू जाणार, आणि ती धास्तावली आहे.

ऑगस्टमध्ये चित्रपट लागतो आणि लोक त्या हेलावरच लुब्ध होतात. ‘किनेमा जुम्पो’ हे नियतकालिक त्याला वर्षातला सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवतं. (त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकसमोर ‘आलम आरा’साठी झुंबड उडाली होती. दोन्ही देश एकाच वर्षी पडद्यावर बोलायला शिकले.) जे लपवायला हवं असं वाटलं होतं तेच लोकांनी डोक्यावर घेतलं. ही गोष्ट ती पुढे कधी विसरली नसावी.

आता तेरा वर्षं ओलांडा. वाटेत १९३८ चा ‘आइझेन कात्सुरा’ लागेल. त्यातल्या नर्सच्या भूमिकेनं ती घराघरात पोचली. पण तिथे थांबू नका. १९४४ साल गाठा, फुकुओका शहर. हातात कागदी झेंडा घ्या, कारण गर्दीत प्रत्येकाच्या हातात तो आहे. जवानांची तुकडी आघाडीवर निघाली आहे आणि केइसुके किनोशिता ‘रिकुगुन’ म्हणजे ‘सैन्य’ या चित्रपटाचा शेवट टिपतो आहे. पाठबळ लष्करी मंत्रालयाचं. आई मुलाला निरोप देते, एवढंच दाखवायचं आहे. सेन्सॉरला त्यात काय आक्षेपार्ह वाटणार?

आई म्हणजे किनुयो. ती घरात बसली आहे, अंगात त्राण नाही, सैनिकांसाठीची सम्राटाची वचनं पुटपुटते आहे. बिगुल वाजतो. ती उठते, दारात येते आणि धावायला लागते. गल्लीतून, रस्त्यावरून, माणसांच्या भिंतीतून. तुमचा खांदा ढकलून ती पुढे जाते. तिच्यासोबत पळा. दिग्दर्शक कॅमेरा थांबवत नाही. कित्येक मिनिटं संवाद जवळजवळ नाहीतच, फक्त बिगुल, बुटांचा ताल आणि जयजयकार. रांगेत तिला मुलगा दिसतो. ती त्याच्या बाजूनं चालत राहते, चेहऱ्यावर हसू आणि रडू एकत्र. मग लोंढा तिला मागे लोटतो, ती पडते, उठते आणि हात जोडते.

तुमच्या हातातला झेंडा कधीच खाली आला आहे.

लष्कराला हे समजायला वेळ लागला नाही. मुलगा देशाला वाहताना आईनं असं रडावं? किनोशितावर देशद्रोहाचा ठपका आला, पुढचा चित्रपट करू दिला नाही आणि तो राजीनामा देऊन गावी गेला. एका बाईनं धावून दाखवलं, तेवढ्यानं सबंध प्रचारपट उलटला. युद्धाविरुद्धचे मोठमोठे चित्रपट पुढे पुष्कळ झाले. या धावण्याच्या जोडीला बसवावा असा प्रसंग मला त्यांत क्वचितच सापडतो.

जानेवारी १९५०. थंडी आहे, कॉलर वर करा. तोक्योतल्या गिंझाच्या रस्त्यावर पुन्हा गर्दी आहे आणि पुन्हा तिच्यासाठीच. तीन महिन्यांपूर्वी, सदिच्छा दूत म्हणून, ती किमोनो नेसून अमेरिकेला गेली होती. आता उघड्या मोटारीतून येते आहे : काळा चष्मा, गळ्यात हवाईचा पुष्पहार, ओठांवर ‘हॅलो’. आणि ती गर्दीकडे चुंबनं फेकते.

आजूबाजूच्यांचे चेहरे बघा. तुमच्या शेजारच्या माणसाच्या अंगावर अजून सैन्यातला जुना कोट आहे. देश हरला आहे, अमेरिकन सैन्य रस्त्यांवर आहे, आणि ज्या नर्सवर, ज्या आईवर त्यानं जीव लावला तीच जेत्यांच्या थाटात परतली आहे. त्याचं दुखणं मला कळतं. पण त्यानंतर वर्तमानपत्रांनी आणि समीक्षकांनी जे केलं ते केवळ दुखणं नव्हतं. चाळिशीच्या बाईचं वय, सुरकुत्या, चेहरा यांवर त्यांनी हात धुऊन घेतले. तिच्या मनात जीव देण्याचा विचारही येऊन गेला. त्याच वर्षी ती शोचिकुतून बाहेर पडली.

दोन वर्षांनी ओसाका आणि क्योतोच्या मधल्या हिराकाताला या. स्टुडिओ म्हणजे एक गोदाम. केंजी मिझोगुची इथे ‘साइकाकु इचिदाई ओन्ना’ करतो आहे, इहारा साइकाकुच्या सतराव्या शतकातल्या कादंबरीवरून. शेजारून रेल्वे जाते, दर पंधरा मिनिटांनी. मिझोगुचीला तुकडे जोडलेले आवडत नाहीत; प्रसंग एका दमात, लांबच्या लांब टिपायचा. म्हणजे दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत सगळं जुळून यायला हवं : प्रकाश, कॅमेऱ्याची चाल आणि तिचा चेहरा. चुकलं तर गाडी जाऊ द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. काय चुकलं ते मात्र मिझोगुची सांगत नाही. नटानं स्वतः शोधावं, हा त्याचा बाणा.

ती शोधते. नायिका ओहारु राजवाड्यातल्या सेवेतून हाकलली जाते, सरदाराची उपपत्नी होते, मग गणिका, मग रस्त्यावरची वेश्या. उमलत्या वयापासून जर्जर म्हातारपणापर्यंत सारं किनुयो एकटीच पेलते, वय ४२. एका प्रसंगात यात्रेकरूंना पापाचं फळ दाखवायचं म्हणून तिला दिव्यासमोर उभं केलं जातं : बघा, हे असं होतं. गिंझानंतर दोन वर्षांनी या बाईनं तो प्रसंग केला आहे, हे लक्षात ठेवून बघा. चित्रपटाला त्या वर्षी व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि मग तिनं कॅमेऱ्याची बाजूच बदलली.

१९५३, तोक्योतलं शिबुया. खांदे आक्रसून चाला, गल्ली अरुंद आहे. इथे अमेरिकन सैनिकांच्या नावे इंग्रजीत पत्रं लिहून देणारे बसतात. मायदेशी निघून गेलेल्या सोबत्याकडून पैसे यावेत म्हणून बायका येतात, मजकूर सांगतात, कागद घेऊन जातात. तनाका इथे आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित करते आहे, ‘कोइबुमी’, म्हणजे ‘प्रेमपत्र’. पटकथा त्याच किनोशिताची. दिग्दर्शन शिकायला ती मिकिओ नारुसेच्या हाताखाली राहून आली आहे. तिच्याआधी जपानमध्ये कथापट दिग्दर्शित करणारी एकच बाई झाली, ताझुको साकाने.

अशा बायकांकडे हा देश तेव्हा ज्या नजरेनं बघायचा ती तुम्ही गिंझात पाहिलीत. तनाका नायकाला ती नजर देते आणि नायिकेच्या चेहऱ्याजवळ इतकी थांबते की ती नजरच ओशाळी व्हावी. स्वतःसाठी तिनं छोटीशी भूमिका ठेवली आहे : पत्र लिहून घ्यायला आलेली एक बाई. १९५४ साली हा चित्रपट कानच्या स्पर्धेत होता आणि ती गल्ली ‘कोइबुमी योकोचो’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक संघटनेचा अध्यक्ष असलेला मिझोगुची आडवा आला. तिच्याकडून आयुष्यातलं सर्वोत्तम काम घेणारा माणूस तिच्या दिग्दर्शनाच्या विरोधात उभा राहिला. पटकथा दिग्दर्शक यासुजिरो ओझूनं दिली होती, आणि तो ठामपणे तिच्या पाठीशी राहिला. चित्रपट झाला. मिझोगुचीशी फाटलं ते फाटलंच.

तिसरा चित्रपट दुसऱ्याच्याच वर्षीचा, १९५५ चा : ‘चिबुसा यो एइएन नारे’. होक्काइदोची कवयित्री फुमिको नाकाजो आदल्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगानं गेली होती, वय जेमतेम ३१. तिच्या आयुष्यावरचा हा चित्रपट. पटकथा सुमिए तनाकाची. आडनाव एक, नातं नाही. एका प्रसंगात, शस्त्रक्रियेनंतर, नायिका ओळखीच्या घरच्या न्हाणीत उतरली आहे. घरची बाई दार उघडते. तुम्ही अवघडून मान फिरवाल. फिरवू नका, नायिकेला तुम्ही बघायला हवे आहात. तिचं दुःख, तिची भूक, तिची चीड आणि तिचा हट्ट, सगळं त्या वाफेत आहे. स्त्रीच्या आजारी शरीराला इतकं जिवंत मानणारा चित्रपट त्या काळी दुसऱ्या कुणी केला असता असं मला वाटत नाही.

एकूण सहा चित्रपट तिनं दिग्दर्शित केले, शेवटचा १९६२ साली. अभिनय चालूच होता. १९५८ च्या ‘नारायामा बुशिको’त म्हाताऱ्यांना डोंगरावर नेऊन सोडणाऱ्या गावातली सत्तरीला टेकलेली ओरिन तिनं केली. या वयात धड दात असणं गावात लाजेचं, म्हणून ओरिन दगडावर आपटून ते पाडते. किनुयोनं त्या भूमिकेसाठी स्वतःचे पुढचे दात काढून घेतले.

१९७४. आता वाकून आत या, छप्पर खाली आहे. आमाकुसातली मोडकी झोपडी, अंगाखांद्यावर मांजरं. केइ कुमाई यांच्या ‘सांदाकान ८’मधली ओसाकी ती करते आहे. लहानपणी बोर्निओतल्या कुंटणखान्यात विकली गेलेली, परत आल्यावर गावानं आणि पोटच्या मुलानं दूर ठेवलेली बाई. एक संशोधक तरुणी काही आठवडे तिच्याजवळ राहते आणि निघताना विचारते, तुला काय देऊ? ओसाकी मागते तिचा वापरलेला टॉवेल. तो तोंडाशी धरून ती हुंदके देते, आणि तुम्हाला झोपडीत बसायला जागा पुरत नाही. या भूमिकेसाठी १९७५ साली बर्लिनमध्ये तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं.

आता शेवटचं दार. १९७७, तोक्योतलं रुग्णालय. पावलं हलकी ठेवा. मेंदूत गाठ आहे, दृष्टी जाते आहे. २१ मार्चला ती जाईल. अजून थोडे दिवस आहेत. उशाशी बसला आहे तिच्या नात्यातला भाऊ, ‘हाराकिरी’चा दिग्दर्शक मासाकी कोबायाशी. हातात पैसा उरलेला नाही, तिचं सगळं तोच बघतो आहे. ती मान त्याच्या आवाजाच्या दिशेला वळवते आणि विचारते, डोळ्यांनी दिसत नसलं तरी करता येईल अशी एखादी भूमिका असेल का.