‘केवळ सहा जहाजांनिशी’ : व्हर्ननस्मारक भांड्यांवरील एक शब्द

आरमारी वीरांच्या गौरवार्थ घडविलेल्या भांड्यांकडे इतिहासाचे अभ्यासक बहुधा शोभेच्या वस्तू म्हणून पाहतात. परंतु त्यांवरील लेखही शिलालेखाइतक्याच काळजीने वाचावयास हवा, हे अठराव्या शतकातील इंग्लंडच्या व्हर्ननस्मारक भांड्यांवरून दिसून येते.

नोव्हेंबर १७३९ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन ह्याने पनामाच्या किनाऱ्यावरील पोर्तो बेलो हे स्पॅनिश बंदर काबीज केले. १७४० मध्ये ही वार्ता पोहोचताच इंग्लंडात विजयाची पदके पाडण्यात आली आणि स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी पांढऱ्या मातीचे पेले, चहादाण्या व वाडगे घडविले. साच्यातून काढलेली व्हर्ननची आकृती, जहाजे व किल्ला ही लहान उठावचित्रे ते भांड्याच्या अंगावर चिकटवीत आणि तापलेल्या भट्टीत मीठ टाकीत. मिठाच्या वाफेने बसणारा काचेसारखा थर इतका पातळ असे, की बारीक अक्षरेही बुजत नसत.

ह्या अक्षरांत एक विधान वारंवार आढळते : व्हर्ननने केवळ सहा जहाजांनिशी पोर्तो बेलो घेतले. मूळ इंग्रजीत ‘ओन्ली’ हा शब्द जहाजांच्या मागून, जोर देऊन येतो. ‘सहा’ ही वस्तुस्थिती होय. ‘केवळ’ हा युक्तिवाद होय. व्हर्नन हा पंतप्रधान वॉल्पोल ह्याच्या स्पेनविषयक नरमाईचा कडवा टीकाकार होता. सहा जहाजे मिळाल्यास आपण हे बंदर घेऊ, असे त्याने पार्लमेंटात सांगितल्याची ख्याती होती. त्यामुळे त्या शब्दाचा रोख स्पॅनिश तोफांपेक्षा लंडनच्या मंत्रिमंडळाकडे अधिक आहे. सहा जहाजांनी साधणारे काम आजवर का केले नाही, हा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे. बंदराची तटबंदी दुर्लक्षित व शिबंदी अपुरी होती, ही गोष्ट मात्र लेखात येत नाही.

१७४१ मध्ये व्हर्ननने कार्ताहेनावर कितीतरी मोठे आरमार नेले. विजय गृहीत धरून इंग्लंडात पदके पाडली गेली. परंतु स्पॅनिश प्रतिकार व रोगराई ह्यांपुढे मोहीम फसली. जहाजांच्या संख्येवर रचलेला युक्तिवाद संख्या वाढूनही टिकला नाही.

भाजलेल्या मातीवरील अक्षर मागाहून दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच पोर्तो बेलो कसे पडले, हे ठरविण्यास ही भांडी अपुरी असली, तरी १७४० च्या सुमारास इंग्रज जनतेस त्या विजयाविषयी काय मानावयाचे होते, ह्याचा ती विश्वसनीय पुरावा ठरतात.