कौंडण्यपूर

कौंडण्यपूर : (कुंडिनपूर, कौंडिण्यपूर). प्राचीन विदर्भाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने मानले जाणारे, वऱ्हाडातील तीर्थक्षेत्र व पुरातत्त्वीय स्थळ. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील हे गाव अमरावतीच्या पूर्वेस सुमारे ४० किमी.वर, वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर वसले आहे. अमरावती व वर्धा या जिल्ह्यांची सीमा येथे नदीनेच आखली असून पलीकडील तीर आर्वी तालुक्यात मोडतो. अमरावतीहून कुऱ्ह्यामार्गे आर्वीकडे जाणारा रस्ता गावाजवळून जातो.

कुंडिनपुराचे उल्लेख संस्कृत वाङ्मयात विपुल आहेत. महाभारतातील नलोपाख्यानात दमयंतीचा पिता भीम याची, तर हरिवंशात व भागवतात रुक्मिणीचा पिता भीष्मक याची राजधानी हीच आहे. आठव्या शतकातील भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाचा नायक माधव हाही कुंडिनपूरच्या अमात्याचा पुत्र आहे. सगरपत्नी केशिनी, अगस्त्यपत्नी लोपामुद्रा, नलपत्नी दमयंती, अजपत्नी इंदुमती आणि कृष्णपत्नी रुक्मिणी या विदर्भकन्यांमुळे या भूमीला पाच सतींचे माहेर म्हणण्याची प्रथा आहे. नाथ संप्रदायाच्या कथांमध्ये चौरंगीनाथाचे पूर्वायुष्य याच नगरीत घडते. मालू कवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथामुळे ती कथा मराठी घरांतून परिचित झाली.

गावातील प्रमुख देवस्थान म्हणजे नदीकाठच्या उंचवट्यावरील विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याला पंढरपूरच्या वारीत वेगळा मान आहे. येथून आषाढी वारीसाठी रुक्मिणीमातेची पालखी निघते. ही परंपरा १५९४ मध्ये संत सदाराम महाराजांनी सुरू केली, असे संस्थानाची परंपरा सांगते, आणि विदर्भातील सर्वांत जुन्या पालख्यांत तिची गणना होते. करोनाच्या साथीमुळे पायी वारी थांबली, त्या काळात २०२१ मध्ये पंढरपुरास बसने नेण्यास परवानगी मिळालेल्या दहा मानाच्या पालख्यांत हीही होती. आषाढीला माहेरची पालखी पंढरीस जाते, तशी कार्तिकीनंतर पांडुरंगच सासुरवाडीला येतो, अशी भाविकांची श्रद्धा असून, कार्तिक वद्य प्रतिपदेला येथे मोठी यात्रा भरते व दहीहंडी फोडली जाते.

दुसरे महत्त्वाचे स्थान अंबिकेचे. विवाहाच्या आदल्या दिवशी वधूने नगराबाहेरील देवीच्या दर्शनास जाण्याचा कुलाचार भागवतात वर्णिला आहे, आणि त्याच प्रसंगी श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, असे तेथे म्हटले आहे. गावातील अंबिका मंदिर ते हेच, असे स्थानिक लोक मानतात. अमरावतीतील अंबादेवीच्या देवस्थानाशीही हीच कथा जोडली जाते, आणि त्या मंदिरापासून कौंडण्यपूरपर्यंत भुयार असल्याची आख्यायिका दोन्ही ठिकाणी सांगितली जाते. एकाच प्रसंगावर दोन देवस्थानांनी सांगितलेला हक्क या भुयाराने जणू मिटवून टाकला आहे.

गावाचा सर्वांत जुना पुरावा मात्र मंदिरांत नसून जमिनीत आहे. जुन्या वस्तीच्या मोडतोडीने, राखेने व मातीच्या भिंतींच्या थरांनी शतकानुशतके उंचावलेल्या टेकाडास ग्रामीण मराठीत पांढरी किंवा पांढरीचे टेकाड म्हणतात. ‘काळी’ म्हणजे कसण्याची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे राहण्याची जागा, असा हा जुना भेद आहे. कौंडण्यपूरच्या अशा टेकाडाचे उत्खनन पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या मार्गदर्शनाखाली १९६२ ते १९६४ या काळात झाले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून लोहयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचा उलगडा झाला. येथे मिळालेली काळी-तांबडी मृद्भांडी, म्हणजे आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी भाजलेली भांडी, विदर्भातील महापाषाणीय संस्कृतीची ओळख मानली जातात; मृतांच्या दफनस्थानी मोठ्या शिळांची वर्तुळे उभारणारी ही लोहयुगीन संस्कृती होय. वर्ध्याजवळील पवनार आणि नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा ही याच मालिकेतील स्थळे आहेत. भीष्मकाचा राजवाडा उत्खननात सापडावा, अशी अपेक्षा धरणाऱ्याची येथे निराशा होते. पण नदीकाठी गाव वसवून, लोखंड वापरून, शेती व व्यापार करून राहिलेल्या अनेक पिढ्यांचा माग येथे लागतो.

परिसरातील काही स्थळे याच कथासूत्राशी निगडित आहेत. कृष्णाला जिंकल्याखेरीज कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून रुक्मिणीचा पराभूत भाऊ रुक्मी याने भोजकट नगर वसवले, असे पुराणे सांगतात. अमरावतीजवळील भातकुली, जेथे जैनांचे प्रसिद्ध मंदिर आहे, तेच भोजकट होय, असे लोकपरंपरा मानते. भोजकट हे प्रदेशनाम मात्र वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या, अचलपूरजवळील चम्मक येथे मिळालेल्या ताम्रपटातही आढळते. वर्धा नदीवर मोर्शीजवळ सिंभोरा येथे बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे नाव देऊन आधुनिक काळानेही ही परंपरा पुढे चालवली आहे.

तिवसा तालुक्यातच मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापिलेला गुरुकुंज आश्रम व त्यांची समाधी आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले, आणि पुण्यतिथीला त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, तेथे जमलेला समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे स्थान असून महानुभावांचे तीर्थ व आद्य मराठी गद्याची भूमी आहे. तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पर्वतीय स्थळ पाहू इच्छिणाऱ्यास मेळघाटातील चिखलदरा सोयीचे पडते. कीचकवधाची कथा तेथील दरीला चिकटली आहे आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने जिंकलेला गाविलगड त्याच्या शेजारीच आहे.

मंदिरे व यात्रा पाहण्यास कार्तिक महिना, तर नदीकाठ व पांढरी निवांतपणे पाहण्यास हिवाळा अनुकूल असतो.