नांव नसलेला लेखक

अमेरिकेंतील लेखक व लोकगीत-गायक मिलर्ड लॅम्पेल हे १९९७ च्या ऑक्टोबरांत निवर्तले. त्यांचें चरित्र हें बव्हंशीं त्यांच्या नांवाचें चरित्र आहे. तें नांव त्यांनीं प्रथम आपण होऊन बाजूस ठेविलें. पुढें तें त्यांच्यापासून हिरावून घेण्यांत आलें.

रेशमाच्या गिरण्यांकरितां प्रसिद्ध असलेल्या पॅटरसन शहरीं १९१९ सालीं त्यांचा जन्म झाला. विशी ओलांडल्यावर त्यांनीं न्यूयॉर्क येथें पीट सीगर व ली हेज यांच्यासह 'अल्मनॅक सिंगर्स' हा ताफा उभारिला. वुडी गथ्री मागाहून येऊन मिळाले. कामगारांच्या सभांतून ही मंडळी बॅंजो व गिटार वाजवून गात. गाणें कोणीं रचिलें हें सांगावयाचें नाहीं, तें साऱ्यांचें, असा त्यांचा दंडक होता. १९४१ च्या वसंतांत त्यांनीं युद्धाविरुद्ध गाणीं गाइलीं, आणि जूनमध्यें हिटलर रशियावर चालून जातांच तीं गुंडाळून ठेविलीं. साम्यवादी पक्षाचें धोरण फिरलें तसा त्यांचा सूरही फिरला. हें झांकण्यांत अर्थ नाहीं.

परंतु लॅम्पेल यांची लेखणी केवळ प्रचारकाची नव्हती. लिंकनचा देह घेऊन जाणाऱ्या आगगाडीवर त्यांनीं 'द लोनसम ट्रेन' हें संगीतकाव्य लिहिलें, अर्ल रॉबिन्सन यांनीं त्यास संगीत दिलें व १९४४ सालीं तें नभोवाणीवरून सादर झालें. पुढील वर्षीं रूझवेल्ट वारले, तेव्हां शोकाकुल श्रोत्यांस तेंच पुनः ऐकविण्यांत आलें.

१९५० च्या जूनमध्यें 'रेड चॅनेल्स' नांवाचें पुस्तक निघालें. तें सरकारी नव्हतें. खासगी प्रकाशकांनीं १५१ कलावंतांचीं नांवें संशयित म्हणून छापिलीं होतीं. त्यांत लॅम्पेल होते. आरोपपत्र नाहीं, न्यायाधीश नाहीं, शिक्षेची मुदतही नाहीं! जाहिरातदारांस गिऱ्हाइकांचें भय, नभोवाणीच्या कंपन्यांस जाहिरातदारांचें. एवढ्यावर सारें यंत्र चाले. काम मागावयास गेलेल्यास खरें कारण कोणी सांगत नसे. लॅम्पेल टोपण नांवांनीं लिहून पोट भरूं लागले. नांव पुसण्याचा ताफ्यांतील तो दंडक स्वखुषीचा होता. हें मात्र शिक्षेचें अनामिकत्व होतें.

१९६० सालीं वॉर्सातील ज्यूंच्या कोंडवाड्यावरील 'द वॉल' हें त्यांचें नाटक त्यांच्याच नांवानें ब्रॉडवेवर आलें. मग सेंट हेलेना बेटावरील नेपोलियनविषयींच्या दूरचित्रवाणी-नाटकास १९६६ चें एमी पारितोषिक मिळालें. तें स्वीकारतांना त्यांनीं शांतपणें नमूद केलें, कीं आपण दहा वर्षें काळ्या यादींत होतों. समोर बसली होती ती त्याच धंद्यांतील मंडळी.