श्रोणी-समायोजन आणि मान

श्रोणीचा असमतोल दुरुस्त केल्यास मानेची हालचाल सुधारते, ही कायरोप्रॅक्टिक उपचारांतील एक धारणा. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत डॅव्हनपोर्ट (आयोवा) येथे कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके व सांधे हाताने जुळवण्याची पद्धत, सुरू केली. पुढे मेजर बर्ट्रांड डीजार्नेट (मेजर हे नाव, हुद्दा नव्हे) यांनी ‘सॅक्रो-ऑक्सिपिटल’ तंत्र मांडले. त्यात कमरेखाली पाचरीच्या आकाराचे ठोकळे ठेवतात. झटका न देता शरीराचे वजनच काम करते. मज्जारज्जूचे बाह्य आवरण कवटीच्या तळाशी आणि त्रिकास्थीपाशी बांधलेले असल्याने खालचा ताण वर पोचतो, असा युक्तिवाद. शरीररचना खरी आहे, निष्कर्ष मात्र घाईचा: त्रिक-श्रोणी सांध्याची हालचाल जेमतेम काही अंशांची, ती हाताने चाचपून ओळखण्यात तज्ज्ञांचेही एकमत होत नाही.