मागच्या चाकाचा वृत्तांत

पुण्याच्या वायव्येस, पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या आसमंतात गेल्या सत्तर वर्षांत जी यंत्रनगरी उभी राहिली, तिचा वृत्तांत लिहिणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात आणि गाड्यांच्या संख्येपाशी येऊन थांबतात. परंतु जे वाहन वेगाने धावते ते हुकमासरशी थांबलेही पाहिजे. आणि ही थांबविण्याची विद्या या मुलखात कशी रुजली, कोणाच्या हातांत वाढली आणि मोटारीच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे चार हातांचे अंतर तोडावयास तिला इतकी वर्षे का लागली, याची विचारपूस क्वचितच होते. माझ्या मते या पट्ट्याच्या कारागिरीचा खरा इतिहास त्या चार हातांच्या अंतरात आहे.

या विद्येची परीक्षा घेणारे स्थळ निसर्गानेच जवळ नेमून दिले होते. 1830 च्या नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला, आणि त्या दिवसापासून देशावरचा माल कोकणात उतरविणाऱ्या प्रत्येक गाडीवानापुढे एकच प्रश्न उभा राहिला: चढ हा बैलांच्या खांद्याचा, पण उतार कोणाचा? चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडाचा ठोकळा दाबून धरणे, एवढेच काय ते उत्तर त्या काळी होते. ठोकळा करपे, धुराचा वास येई, आणि पावसाळ्यात ओल्या धावेवरून तोच ठोकळा निसटे. 1863 साली आगगाडी याच घाटाने पुण्याकडे आली तेव्हा सदतिसास एक असा उतार पत्करावा लागला, आणि आवरली न जाणारी गाडी चढाच्या आडमार्गावर वळवून तिचा वेग मोडण्याची तजवीज इंजिनियरांना रुळांच्या आखणीतच करावी लागली. उतरणाऱ्या वजनाची शक्ती नाहीशी होत नसते. तिची उष्णता होते, आणि ती उष्णता कोणीतरी सोसून वाऱ्यावर सोडावी लागते. ब्रेकचे सारे शास्त्र म्हणजे या एका गोष्टीचा बंदोबस्त होय.

इंग्लंडातील डर्बीशायरच्या टेकड्यांतही हाच प्रश्न होता. तेथील घोडागाड्यांचे चालक ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचे कातडे ठोकीत, ते पाहूनच हर्बर्ट फ्रूड याला घर्षणाच्या अस्तराची कल्पना सुचली असे सांगतात. त्याने पुढे फेरोडो या नावाने प्रसिद्ध झालेला उद्योग 1897 साली मांडला आणि पुढे सुती विणीच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉस आणले. 1902 साल तर या इतिहासात विलक्षण म्हटले पाहिजे, कारण फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रमब्रेक आणि इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्कब्रेक, अशा दोन प्रतिस्पर्धी कल्पना त्याच सुमारास पुढे आल्या. ड्रम झाकलेला, स्वस्त आणि धुळीपासून सुरक्षित. डिस्क उघडी, आणि लँचेस्टरच्या तांब्याच्या अस्तरामुळे कर्कश आवाज करणारी. ड्रम जिंकला. पुढे पन्नास वर्षांनी, 1953 च्या ल मान्सच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्कब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, तेव्हा कोठे उघड्या चकतीचे दिवस फिरले. वारंवार दाबूनही ती ड्रमासारखी तापून निकामी होत नाही, हे साऱ्या जगाने पाहिले.

आपल्याकडे या सुमारास चिंचवड हे मोरया गोसावींच्या देवस्थानाचे इनामगाव होते, आणि 1660 साली शाएस्ताखानाविरुद्ध फिरंगोजी नरसाळ्याने लढविलेला किल्ला व कांद्याचा बाजार ही चाकणची ओळख होती. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ज्वारी-बाजरीच्या शेतांचे सातबारे भराभर बदलू लागले. आकुर्डीस बजाजच्या स्कूटर-रिक्षा व फिरोदियांचा टेंपो, आणि सुमंत मूळगावकरांच्या दूरदृष्टीने उभारलेला टेल्कोचा कारखाना, या तिघांनी या भूमीचे रूप पालटले. टेल्कोने येथे आधी यंत्रे व हत्यारे घडविणारा विभाग आणि शिकाऊ कामगारांची शाळा उभारली, आणि पहिले वाहन 1977 साली बाहेर काढले. माणूस आधी आणि माल नंतर, हा क्रम मला आजही आदरास पात्र वाटतो. पिंपरी-चिंचवडची 1970 सालची नगरपालिका 1982 साली महानगरपालिका झाली. 1986 साली टेल्कोच्या येथल्या कारखान्यातून 407 हा छोटा ट्रक निघाला, आणि त्याच्या चारी कोपऱ्यांत ड्रमच होते.

या ड्रमाच्या आधाराने एक स्वतंत्र व्यवसाय जगला. निगडीचे ट्रान्सपोर्टनगर, भोसरी, आणि नाशिक रस्त्यावरचा चाकणचा नाका, येथे लायनर, म्हणजे ड्रमाला घासणारे अस्तर, बसविणाऱ्या कारागिरांची दुकाने असत. झिजलेला ब्रेकशू घेऊन त्याचे जुने रिव्हेट छिन्नीने उडवावयाचे, पट्टी साफ करावयाची, नवा लायनर शिकंज्यात आवळून मधल्या भोकापासून कडेकडे रिव्हेट मारीत जावयाचे, म्हणजे लायनर पट्टीवर कोठेही फुगत नाही. रिव्हेटचे डोके लायनरच्या पृष्ठभागाखाली किती खोल गेले हे बोटाने चाचपावयाचे, कारण ते वर राहिले तर ड्रमावर ओरखडे उमटत. मिस्त्री ड्रम टांगून त्यावर हातोडीचा हलका ठोका देई, आणि घुमणारा नाद आला तर ड्रम निर्दोष, भरड आवाज आला तर तडा गेलेला, असा निर्णय कानाने करी. मात्र याच दुकानांत हवेच्या नळीने ड्रमातली धूळ उडविण्याचा शिरस्ता होता, आणि ती धूळ अ‍ॅस्बेस्टॉसची होती. ब्रिटनने 1999 साली ज्याच्या वापरावर बंदी घातली, ते आमच्या कारागिरांनी तोंडाला साधे फडकेही न बांधता वर्षानुवर्षे हुंगले. या पट्ट्याच्या गौरवकथेत या गोष्टीला स्थान नसावे, हे मला मान्य नाही.

पुढच्या चाकाला डिस्क आली तरी मागे ड्रम टिकला, त्याला सबळ कारणे होती. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, पुढची चाके जमिनीला घट्ट धरतात आणि मागची हलकी होतात. थांबविण्याचे बहुतेक काम पुढेच होत असल्याने मागे महागडी व्यवस्था का करावी, हा हिशेब कारखानदाराला पटणारा होता. शिवाय हँडब्रेकची तार ड्रमात सहज जोडता येते. म्हणून पिंपरीहून निघालेल्या टेल्कोच्या 1991 च्या सिएराला, 1994 च्या सुमोला आणि 1998 च्या सफारीला पुढे डिस्क व मागे ड्रम अशीच जोडी मिळाली. पण गाड्या जड झाल्या, इंजिने बळकट झाली, 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि बोरघाटातला खंडाळ्याचा उतार पूर्वी कोणी कल्पिला नव्हता अशा वेगाने उतरला जाऊ लागला. मधल्या काळात कल्याणी ब्रेक्स या पुण्याच्या कंपनीने चाकणला ब्रेक घडविण्याची परंपरा रुजविली, जी पुढे बॉशकडे गेली. इटलीची ब्रेम्बोही येथे आली. 2011 साली महिंद्राच्या चाकणच्या कारखान्यातून एक्सयूव्ही 500 चारी चाकांना डिस्क घेऊन निघाली, आणि पुढल्याच वर्षी सफारी स्टॉर्मनेही तोच मार्ग धरला. लँचेस्टरच्या कल्पनेला चाकणच्या मागच्या चाकापर्यंत यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

ही डिस्क म्हणजे करड्या बिडाचे ओतीव काम. त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते उष्णता लवकर वाहून नेते आणि कंप गिळते. तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, आणि जाडी त्याखाली उतरली की ती बदलणे हाच मार्ग.

मागचे पॅड व डिस्क बदलण्याचे काम पुढच्यापेक्षा अधिक जपून करावे लागते. येथे हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दगड लावल्यावाचून जॅक चढवावयाचा नाही. डिस्कवर पॅड आवळणारा कॅलिपर सुटला की तो रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावा लागतो. पावसाळ्यांनी गंजून हबला चिकटलेली डिस्क हातोडीने न बडवता तिच्या आट्याच्या भोकांत बोल्ट फिरवून सुटी करावी, आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशाने पार घासून काढावा, कारण तेथे राहिलेला खपलीएवढा गंजही नव्या डिस्कला डोलावयास लावतो. मग येतो कॅलिपरातला पिस्टन. पुढचा पिस्टन सरळ दाबला की आत जातो. मागचा कित्येक गाड्यांत फिरवीत फिरवीत आत न्यावा लागतो, आणि ज्यांना विजेवर चालणारा हँडब्रेक आहे त्यांत तर स्कॅनर जोडून आधी त्या हँडब्रेकची मोटार मागे घ्यावी लागते. नवख्या हाताने शिकंजा लावून पिस्टन जबरीने दाबला की हजारोंचा कॅलिपर गेला. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावयाचे, सरक्या पिनांना योग्य ग्रीस द्यावयाचे, नव्या डिस्कवरचा तेलाचा थर पुसावयाचा, आणि गाडी हलविण्यापूर्वी पेडल कडक होईतो दाबावयाचे. ठोक्याच्या नादावरून ड्रम ओळखणारा मिस्त्री या स्कॅनरपुढे गोंधळला हे खरे. पण हबवरचा गंज स्कॅनरला दिसत नाही, तो त्याच्याच बोटांना कळतो.

आता या चाकाचे प्राक्तन पुन्हा पालटत आहे. महिंद्राच्या चाकणला तयार होणाऱ्या बीई 6 व एक्सईव्ही 9ई या विजेच्या गाड्यांत मोटार मागच्या चाकांना जोडलेली असते. पाय उचलताच तीच मोटार जनित्र बनून वेग आवरते आणि घाटात उतरताना जी शक्ती आजवर केवळ उष्णता होऊन जात असे, तिचा बराच भाग बॅटरीत परत पाठविते. त्यामुळे मागचे पॅड झिजण्याचे प्रमाण घटते आणि वापरावाचून डिस्क गंजण्याची धास्ती वाढते. फोक्सवागनने तर आपल्या काही विद्युत गाड्यांना याच विचाराने मागे पुन्हा झाकलेले ड्रम दिले. निगडी-चाकणच्या मिस्त्र्यांना यापुढे पॅडची जाडी मोजण्याइतकेच लक्ष डिस्कवरच्या तांबेऱ्याकडे द्यावे लागेल, आणि लायनर बसविण्याचे जे शिकंजे दुकानांच्या माळ्यांवर गेले, त्यांच्या मालकांनी ते मोडीत काढण्याची घाई करू नये असे मला वाटते.