चॅलेंजर दुर्घटना आणि अभियंत्यांची नैतिक जबाबदारी

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले. त्यातील सातही जणांचा मृत्यू झाला. या धोक्याचा इशारा अभियंत्यांनी आदल्या रात्रीच दिला होता. म्हणूनच अभियांत्रिकी नीतिशास्त्र शिकवताना ही घटना आजही अभ्यासली जाते.

दोष काय होता?

यानाला जोडलेले घन इंधनाचे दोन बूस्टर तुकड्या-तुकड्यांत बनवून जोडले जात. सांध्यांतून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून त्यांत रबरी कडी (ओ-रिंग) बसवत. थंडीत रबर कडक होते आणि सांध्यातली फट वेळेत बुजत नाही. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतील अभियंते रॉजर बोजोले यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना याबद्दल लेखी सावध केले होते.

आदल्या रात्री काय घडले?

कडाक्याच्या थंडीचा अंदाज होता. टेलिकॉन्फरन्समध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये, अशी शिफारस केली. नासाच्या अधिकाऱ्यांना ती पटली नाही. तेव्हा कंपनीच्या लोकांनी आपसात चर्चेसाठी वेळ मागून घेतला. त्या चर्चेत एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख रॉबर्ट लंड यांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी चढवायला सांगितले. लंड यांनी मत बदलले आणि कंपनीने संमती कळवली. केनेडी अवकाश केंद्रात हजर असलेले कंपनीचे अधिकारी ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी मात्र संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. ती सही दुसऱ्या अधिकाऱ्याने केली.

नेमके चुकले कुठे?

उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी परवानगी मागणाऱ्यांवर असते. त्या रात्री हे उलटे झाले. उड्डाण धोक्याचेच ठरेल हे अभियंत्यांनी सिद्ध करावे, अशी अपेक्षा ठेवली गेली. इतक्या थंडीत पूर्वी उड्डाणच झाले नसल्याने तसा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. अपुरी माहिती हे खरे तर थांबण्याचे कारण होते. तेच पुढे जाण्याचे कारण बनले.

पुढे काय झाले?

बोजोले आणि मॅक्डोनाल्ड यांनी रॉजर्स चौकशी आयोगापुढे हे सारे उघड केले. त्यानंतर मॅक्डोनाल्ड यांचे पद कमी करण्यात आले. अमेरिकी संसदेच्या दबावानंतर ते परत मिळाले. पुढे सांध्याची नवी रचना करण्याच्या कामाचे नेतृत्व त्यांनीच केले.

अभियंत्यांच्या अनेक आचारसंहितांत लोकांची सुरक्षितता मालकाच्या हिताच्या वर ठेवलेली असते. दबावाच्या वेळी ती जपण्याची साधने मोजकीच असतात: लेखी इशारा, कागदोपत्री नोंद आणि गरज पडल्यास सही नाकारणे.