जांभ्याच्या सड्यावरची अर्थिंग : गोव्यातल्या रेडिओ मनोऱ्यांखालची गोष्ट

मंडळाच्या मागच्या बैठकीत गोवा मुक्तिलढ्यातल्या गुप्त रेडिओवर बोलणं झालं. वामन सरदेसाई, लिबिया लोबो, दादरा-नगर हवेलीतून पोर्तुगीजांकडून मिळालेले वायरलेस संच, ट्रकमध्ये बसवलेला ट्रान्समीटर, हे सगळं आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. शेवटी एका तरुण सभासदाने विचारलं, "आंबोलीच्या जंगलात एरियल टांगून बसायचं, आणि वीज पडली असती तर?" दोघंतिघं हसले. मला काही हसू आलं नाही. चाळीस वर्षं हौशी रेडिओच्या नादात काढलेल्या माणसाला हा प्रश्न पोरकट वाटत नाही. रेडिओच्या इतिहासात आपण निवेदक लिहितो, गाणी लिहितो, सेन्सॉर लिहितो. जमिनीखाली काय पुरलं होतं ते कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

मुळात रेडिओ आणि वीज यांचं नातं जन्मापासूनचं. १८९५ साली रशियात पोपोव्हने जे यंत्र दाखवलं, ते दूरच्या वादळातल्या विजांची चाहूल घेणारं होतं. त्याच सुमारास मार्कोनीने एरियलचं एक टोक उंच नेलं आणि दुसरं जमिनीत गाडलं, तेव्हा कुठे त्याचा संदेश लांब पोचायला लागला. म्हणजे अर्थिंग ही नुसती सुरक्षेची भानगड नाही. मध्यम लहरींच्या रेडिओत जमीन हा एरियलचाच अर्धा भाग असतो.

आता गोव्याकडे येऊ. पोर्तुगीज राजवटीत १९४६ साली इथे रेडिओ सुरू झाला आणि पुढे तो 'एमिसोरा द गोवा' म्हणून घराघरांत पोचला. जुन्या मंडळींकडून त्यावरच्या मराठी-कोकणी गाण्यांच्या आठवणी अजून ऐकायला मिळतात. १८ डिसेंबर १९६१ ला बेळगावच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर रॉकेटं डागली, आणि मुक्तीनंतर इथे आकाशवाणी आली. बांबोळीचं पठार रेडिओशी जोडलं गेलं ते गेलंच. आकाशवाणीचा मध्यम लहरींचा मनोराही तिथलाच.

पण बांबोळी म्हणजे काय? जांभ्याचा सडा. वर बोटभर माती, खाली चिरा. ज्याने जांभ्यात विहीर खणलेली पाहिली आहे त्याला सांगायला नको की मे महिन्यात तो दगड किती कोरडा असतो. वीज वाहून नेण्यात जांभा फार कंजूष. देशावरची किंवा माळव्यातली काळी माती ओली असली की विजेला सहज वाट देते. जांभ्याचा विरोध त्याच्या कितीतरी पट. गंमत अशी की पठाराच्या पायथ्याशी खाजणं आहेत, आगशी-रायबंदरकडे मिठागरं आहेत. खाऱ्या चिखलापेक्षा उत्तम जमीन मध्यम लहरींच्या मनोऱ्याला जगात मिळायची नाही. पण मोकळी, कोरडी, रस्त्याला लागून असलेली जागा वर होती, आणि बांधणारे वर गेले. अभियंत्यांनी त्याची किंमत तांब्यात मोजली, असं माझं मत आहे.

हे तांबं किती लागतं ते पाहा. पणजीची मध्यम लहर १२८७ किलोहर्ट्झची. तरंगलांबी झाली साधारण २३३ मीटर, तिचा पाव हिस्सा ५८ मीटर. १९३७ साली अमेरिकेत ब्राऊन, लुइस आणि एपस्टीन या तिघांनी शेतात प्रयोग करून दाखवलं, की मनोऱ्याच्या पायथ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या १२० तारा जमिनीत पुरल्या तर ताकद वाया जात नाही. तोच पुढे जगभर कित्ता झाला. ५८ मीटरच्या १२० तारा म्हणजे जवळजवळ सात किलोमीटर तांब्याची तार, एका मनोऱ्याखाली, वीतभर खोल! वरून चालणाऱ्याला फक्त गवत दिसतं.

खरा पेच यापुढे आहे. मध्यम लहरींचा मनोरा हाच एरियल असतो. बहुधा तो जमिनीला टेकत नाही, चिनी मातीच्या जाडजूड इन्सुलेटरवर उभा असतो. मग वीज पडली तर तिने जायचं कुठे? मनोरा थेट अर्थ केला तर कार्यक्रमच जमिनीत जाईल. यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. इन्सुलेटरच्या दोन बाजूंना धातूचे दोन गोळे समोरासमोर ठेवतात, मध्ये नेमकी फट. प्रक्षेपणाचा दाब ती फट ओलांडू शकत नाही; विजेचा दाब ओलांडतो, ठिणगी पडते आणि वीज त्या १२० तारांवाटे पांगते. शिवाय एक वेटोळं जोडलेलं असतं. ढगांमुळे मनोऱ्यावर साचणारा विद्युतभार त्यातून हळूहळू झिरपतो, पण रेडिओच्या लहरी अडतात. मनोऱ्याच्या ताणतारासुद्धा सलग नसतात, मध्ये मध्ये इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे केलेले असतात. टोकावरचा लाल दिवा लावायला वीज वर न्यायची, तीही एकमेकांना न शिवणाऱ्या दोन कड्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधून. एफएमचा मनोरा या मानाने सरळ माणूस! एरियल वर बसवलेला, मनोरा नुसता खांब, तो बिनदिक्कत जमिनीला जोडायचा.

आकडे थोडे सांगतो, कारण त्याशिवाय धाक कळत नाही. मध्यम विजेचा प्रवाह तीस हजार अँपियर धरा. अर्थिंगचा विरोध दहा ओहम असेल, तर त्या क्षणी 'जमीन' म्हणून जी म्हणतो तीच तीन लाख व्होल्टवर जाते. आणि सरळ तारेलासुद्धा विजेचा वेग अडवतो. दर मायक्रोसेकंदाला दहा हजार अँपियरने प्रवाह चढत असेल तर तारेच्या एकेका मीटरवर दहा हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणून विजेची पट्टी रुंद हवी, आखूड हवी, तिला काटकोनात वळवायचं नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी शिकलो घरी. १९८७ चा मे महिना, फोंड्याजवळचं आमचं चिऱ्याचं घर. नुकताच परवाना मिळालेला. आंब्यापासून माडापर्यंत तार ताणली आणि विहिरीच्या ओलीत तांब्याची कांब ठोकली. मला त्या कांबेचा भारी अभिमान. घराच्या मीटरची अर्थिंग पुढच्या अंगणात, खडखडीत चिऱ्यात. वायरिंग करणाऱ्याने कशी केली ते मी कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी बाबा कानाला हेडफोन लावून माझ्या संचावर बीबीसी हिंदी ऐकायचे. त्या दिवशी वारा सुटला आणि आईने हाक मारली, "अहो, सोलं भिजतील, या आधी!" बाबा हेडफोन ठेवून अंगणात गेले. मिनिटभरात विहिरीजवळच्या माडावर वीज पडली.

माड उभा जळला. संचातली वेटोळी वितळली, हेडफोनची तार काळी पडली, सॉकेटभोवतीचा गिलावा निखळून पडला. वीज एरियलवर पडलीच नव्हती. विहिरीकडची जमीन क्षणभर लाखो व्होल्टवर गेली, अंगणातली गेली नाही, आणि त्या दोन जमिनींना जोडणारी सर्वांत सोपी वाट होती माझी कांब, माझा संच, घरचं वायरिंग. दोन अर्थिंग वेगवेगळ्या ठेवल्या, हा दोष माझाच. त्या एकमेकींना जाड पट्टीने बाहेरच जोडल्या असत्या तर दोन्ही एकत्र वर गेल्या असत्या आणि संचातून काही वाहिलं नसतं. बाबा पुढे कितीतरी दिवस सोलांना 'माझी आयुष्याची दोरी' म्हणत.

त्यानंतर मी अर्थिंगवाल्यांच्या मागे लागलो. एक निवृत्त तंत्रज्ञ काका भेटले, मनोऱ्याच्या पायथ्याशी उमेदीची वर्षं काढलेले. कोळसा आणि मीठ थराथराने भरलेले खड्डे, त्यात साठ बाय साठ सेंटिमीटरची तांब्याची प्लेट, ही त्यांच्या पिढीची विद्या. ते म्हणाले, "मीठ गोव्याच्या पावसात दोन वर्षं टिकत नाही रे. धुऊन जातं, वर लोखंडही खातं. आम्ही एप्रिल लागला की रोज खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालायचो." एप्रिलच का, तर आपल्याकडे विजा भर आषाढात नव्हे, वळवात आणि परतीच्या पावसात जास्त. म्हणजे जमीन सर्वांत सुकी असते नेमक्या तेव्हा वीज येते. तो कॅलेंडरचा अडाखा कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हता.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' २५ नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ पर्यंत आधी आंबोली आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून चालला. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पण विजांच्या दृष्टीने धोक्याचे महिने तेच, मे आणि ऑक्टोबर. ट्रकखाली तांब्याच्या १२० तारा पुरता येत नाहीत. फिरत्या संचाला लोखंडी खुंटी ओल्या जागी ठोकायची, जमिनीलगत तारा पसरायच्या, आणि काम संपलं की चाकूस्विच खाली ओढून एरियल सरळ जमिनीला जोडायची, एवढंच हातात असतं. टायर रबरी आहेत म्हणून ट्रक सुरक्षित, ही समजूत खोटी. ढगातून मैलभर हवा फोडून आलेल्या विजेला वीतभर रबराचं काय? खरं संरक्षण वेळेचं होतं. प्रक्षेपण दिवसाला तासभर. पण त्या एका तासात गडगडाट सुरू झाला तरी माइकसमोरून उठता येत नव्हतं, कारण तिकडे गोव्यात लोक दारं लावून कान देऊन बसलेले असायचे.

सध्या देशभर मध्यम लहरींची केंद्रं एकेक करून बंद होत आहेत. मनोरा उतरवला की फोटो निघतात, बातमी येते. खालचं तांबं भंगारात जातं, कधी रात्रीतूनच उपसलं जातं. अर्थिंगच्या खड्ड्यांच्या मोजणीच्या वह्या तर पहिल्या रद्दीत. काकांकडे अशी एक वही होती. वर्षातून दोनदा मोजलेले ओहम, शेजारी पेन्सिलीने पावसाची तारीख. ती मी स्कॅन करून मंडळाच्या संग्रहात ठेवली आहे. बेळगाव, रत्नागिरी, सांगली, इंदूर, कुठल्याही केंद्रावर काम केलेलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्यांच्या माळ्यावर तशी वही आहे का एवढं जरूर विचारा. असली तर पुढच्या बैठकीला घेऊन या. दिवाळीनंतर आपण बांबोळीच्या पठारावर चालत जाणार आहोत, तेव्हा ती बरोबर असावी.